माळ्यावरचा पॉइंट

सिडकोतल्या सहाव्या स्कीममध्ये
एप्रिलात पत्रा साडेअकरालाच टकटक वाजू लागतो.
त्याखाली माझं मशीन, इस्त्री
आणि वीत-वीत कापडांचे ढीग.
पंचवटीतल्या देवांचे पोशाख शिवते मी.
देवांना घाई नसते. पुजाऱ्यांना असते.

वीज यायची खालून,
मिक्सरच्या प्लगवरून
शिडीच्या भोकातून वर ओढलेल्या पांढऱ्या वायरीनं.
इस्त्री लावली की ती
तापातल्या पोराच्या मनगटासारखी लागायची.
मी पाय जरा बाजूला घ्यायचे
आणि पुढची चुणी घालायचे.

गांगुर्डेबाई स्कूटीवरून आल्या,
पायाशी सामानाची सॅक, खांद्याला पाइपांची जुडी.
वायर तळव्यावर घेतली, वजन करावं तशी.
"किती दिवस चाललंय हिच्यावर?"
"चार वर्षं."
त्या काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर कमी लागलं असतं.

आधी प्लगमध्ये टेस्टर लावला. दिवा लागला.
मग मेन पाडला, खटक्यावर लाल टेप चिकटवली,
निनादला बजावलं, "याला हात लावायचा नाही,
तुझ्या मॅचचा शेवटचा बॉल असला तरी."
पुन्हा टेस्टर. अंधार.
आणि मग ही बाई चपला घालून
शेजारच्या काळेकाकूंच्या ओट्यावर गेली,
त्यांच्या प्लगमध्ये टेस्टर घालून परत आली.
मला हसू आलं.
"हसा," त्या म्हणाल्या. "पण वायर मेलीय
हे सांगणारा मध्येच मेला नाही ना,
ते जिवंत वायरीलाच विचारावं लागतं."

माळ्यावर त्या गुडघ्यांवर सरकत गेल्या,
फळ्या नाही, वासे बघून.
गोधड्यांच्या गाठोड्यामागून हाक आली,
"ताई, हे कोणी केलंय?"

बॅटरीच्या उजेडात एक जोड.
दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या,
वरून दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी,
आता तपकिरी, मधोमध करपलेली.
शेजारी उंदराच्या लेंड्या.

मी दहावीत होते.
खाली पाहुणे होते, पंधरा दिवस.
अण्णा प्रेसमधून रात्रपाळी करून आले,
न जेवता शिडी चढले,
आणि सकाळी माळ्यावर चाळीसचा बल्ब होता,
खाली माझी चटई, बीजगणिताचं पुस्तक.
पट्टी त्यांच्याच बोटाला लावायला आणलेली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग जोड कापला, फेकला नाही,
माझ्या हातावर ठेवला
आणि कामाला लागल्या.

बोर्डापासून वेगळी लाइन, तिचा तिचा खटका.
अडीचची वायर, पाइपातून, उंदरांच्या दातांपलीकडे.
जोड मध्ये कुठेच नाही.
भिंतीवर पक्का बॉक्स, कापडांपासून हातभर लांब.
हिरवी वायर सर्वांत शेवटी दाखवली मला:
ही घरात काहीच करत नाही.
काही चुकलं तरच हिला काम.
हिला सोडू नका.

संध्याकाळी टेप त्यांनीच काढली,
खटका त्यांनीच वर केला.
इस्त्री तापली. वायर थंड.
मी उगाच दोनदा हात लावून पाहिला.

जाताना अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवला.
"उन्हाळ्यात एक बादली ओतत जा. कोरडा पडू देऊ नका."

तो जोड आता बटणांच्या डब्यात आहे,
हुकांच्या आणि जरीच्या तुकड्यांच्या खाली.
आणि रोज साडेसहाला मी
सिमेंटच्या त्या झाकणाशी बादली घेऊन उभी असते.
काळेकाकू ओट्यावरून विचारतात,
"काय गं, काय लावलंयस तिथं?"
पाणी मातीत जाईपर्यंत
मी उत्तर देत नाही.